पूर शहराबाहेरच अडवला

विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात मुसी उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत सुमारे नव्वद किलोमीटरांवर हैदराबादेत येते. शहराच्या अलीकडेच, लंगर हौजच्या बाजूला, ईसी नावाची दुसरी नदी तिला मिळते. वर्षातले आठ-नऊ महिने या दोघींना कुणी भ्यावं असं त्यांत काही नसे. रुंद वाळवंट, मधून एखादी पाण्याची धार आणि दोन्ही बाजूंनी थेट काठाला भिडलेली वस्ती. दक्षिणेला चारमिनारचं जुनं शहर, उत्तरेला अफझलगंज, बेगम बाजार आणि पुढे चादरघाटापाशी इंग्रज रेसिडेंटाची कोठी. काठ जोडणारे पूल चार. त्यांतला पुराना पूल कुतुबशाहीतला, १५७८ सालचा. बाकीचे तीन एकोणिसाव्या शतकातले.

हैदराबादचा पूर समजून घ्यायचा तर मात्र या पुलांपासून वर, पाणलोटात जावं लागतं. शहराच्या वरच्या अंगाला मुसी आणि ईसीचं पाणलोट क्षेत्र ८६० चौरस मैलांचं. एवढ्या मुलखात १९०८ साली ७८८ तलाव होते, म्हणजे चौरस मैलामागे जवळजवळ एक. तेलंगणात काकतीय राजांच्या काळापासून तलाव बांधण्याची परंपरा आहे. ओढ्याच्या वाटेत मातीचा बांध घालायचा, पाणी साठलं की त्यावर भात पिकवायचा, आणि जास्तीचं पाणी सांडव्यावरून खालच्या गावच्या तलावात सोडायचं. खालचा तलाव भरला की त्याच्याही खालचा. पाऊस बेताचा असतो तेव्हा ही व्यवस्था फार शहाणपणाची ठरते. एक थेंब वाया जात नाही, आणि प्रत्येक गाव वरच्या गावाच्या सांडव्यावर जगतं. पण वरचा एखादा बांध फुटला, तर खालच्याला सांडव्याने येणारं पाणी पेलायची सवय असते, अख्ख्या तलावाचा लोंढा पेलायची नसते. मग दुसरा फुटतो, तिसरा फुटतो, आणि उतरंड कोसळावी तसे एका ओळीतले सगळे बांध जातात.

सप्टेंबर १९०८च्या शेवटच्या आठवड्यात नेमकं हेच झालं. शमशाबादच्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाऊस नोंदला गेला. ७८८ पैकी २२१ तलाव फुटले, आणि त्यांतले बहुतेक ईसीच्या खोऱ्यातले. आभाळातून पडलेल्या पाण्यात तलावांत साठलेलं पाणी मिसळलं आणि सोमवारी, २८ सप्टेंबरच्या पहाटेआधी, हा सगळा लोंढा शहरावर येऊन आदळला. पुढे काढलेल्या हिशेबाप्रमाणे त्या दिवशी नदीतून सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट पाणी वाहत होतं.

माणसं झोपेत होती. नदीकाठच्या कोळसावाडीत आणि घांसी बाजारात मातीच्या भिंतींची घरं दाटीने उभी होती. पाणी वरून आत यायच्या आधी भिंतीच विरघळल्या. जमेल ते उंचावर धावले. काही जण शहराच्या तटावर चढले, काही पेटला बुरुजावर. पाणी तिथवरही चढलं, आणि ज्या तटाच्या आधाराने माणसं उभी होती तो तटच खचला. अफझलगंजचा सरकारी दवाखाना पडला. त्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर दीडशेच्या आसपास माणसं जीव मुठीत धरून बसली आणि वाचली. ते झाड अजून आहे. चारांपैकी तीन पूल गेले. कुतुबशाहीतला पुराना पूल जखमी होऊन का होईना, टिकला. उर्दूतले नामवंत कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्या पाण्यात गेली. ते एकटे वाचले, आणि त्या दिवसावर त्यांनी लिहिलेली नज्म हैदराबादेत आजही आदराने आठवली जाते.

मृतांची खात्रीची मोजणी झालीच नाही. अंदाज पंधरा हजारांपर्यंत जातात. एकोणीस हजारांच्या आसपास घरं पडली आणि ऐंशी हजार माणसं उघड्यावर आली. शहराची वस्ती तेव्हा साडेचार-पाच लाखांची होती. म्हणजे सहा माणसांमागे एकाच्या डोक्यावर छप्पर उरलं नव्हतं.

गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान होते आणि दिवाण होते महाराजा किशन प्रसाद. राजवाड्यांचे दरवाजे बेघरांसाठी उघडले गेले, जागोजागी अन्नछत्रं लागली. निजामाने स्वतः नदीकाठी जाऊन हिंदू रीतीने मुसीची पूजा केली, अशी आठवण शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सरोजिनी नायडू यांनी पूरग्रस्तांच्या मदतीत स्वतःला झोकून दिलं.  

पुरानंतर मदत होते, अश्रू ढाळले जातात, आणि पाणी ओसरलं की बहुधा सगळं पुन्हा होतं तिथेच उभं राहतं. हैदराबादेत १९०८ नंतर तसं झालं नाही. त्या सरकारचे दोष पुढे येतीलच. पण पुराच्या कारणाचा छडा लावून त्यावर वीस वर्षं चिकाटीने काम करणारी राजवट, ही गोष्ट तेव्हा दुर्मीळ होती आणि आजही आहे.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्या वेळी परदेशात होते. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातली चोवीस-पंचवीस वर्षांची नोकरी त्यांनी नुकतीच आवरती घेतली होती. हे गृहस्थ म्हैसूरचे, पण घडले ते महाराष्ट्रात. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ साली अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण झाले, १८८४ साली नाशिकला असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले, मग खानदेशात धुळ्याकडे, मग पुण्यात. रानडे आणि गोखले यांच्या सहवासातलं पुणं त्यांनी जवळून पाहिलं. खडकवासल्याच्या धरणाची उंची न वाढवता साठा कसा वाढवायचा, हा प्रश्न त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी सांडव्यावर आपोआप उघडझाप करणारे दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दरवाजे स्वतःच उघडायचे, पूर ओसरला की मिटायचे. (ते खडकवासला धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या लोंढ्याने फोडलं. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीत होते. एप्रिल १९६२मध्ये ते गेले.)

हैदराबादच्या बोलावण्याने त्यांना इटलीत गाठलं. प्रवास पुरा करून ते एप्रिल १९०९मध्ये हैदराबादेत दाखल झाले. सरकारने त्यांच्यावर सोपवलेली कामं तीन होती: शहराच्या पुनर्बांधणीत सल्ला आणि मदत, पुन्हा पूर येऊ नये म्हणून योजना, आणि हैदराबाद व चादरघाट या दोन्ही भागांसाठी सांडपाण्याची संपूर्ण व्यवस्था. ही तीन कामं एकाच माणसाकडे, एकाच वेळी गेली, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. एरवी धरण एका खात्याकडे, रस्ता दुसऱ्याकडे, गटार तिसऱ्याकडे आणि घर कुणाकडेच नाही, अशी वाटणी होते. पाणी खाती पाहून वाहत नाही. पावसात ते रस्त्यावरून गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून नदीत जातं, आणि नदी भरलेली असली की त्याच वाटेने उलटं घरात येतं.

आकडे जमवणं हेच पहिलं मोठं काम ठरलं. निजामाच्या राज्यात पावसाच्या नोंदी तुटपुंज्या होत्या. म्हणून शेजारच्या मुंबई आणि मद्रास इलाख्यांतल्या अतिवृष्टीच्या नोंदी मागवून तुलना करावी लागली. भिंतींवर पुराने ठेवलेल्या खुणा मोजल्या, नदीचे काटछेद घेतले, फुटलेल्या तलावांची खोऱ्यानुसार नोंद केली. त्यातून निघालेला निष्कर्ष आज सोपा वाटतो, पण तेव्हा तो अनेकांच्या गळी उतरणारा नव्हता. शहरात नदीचं पात्र रुंद करा, काठ उंच करा, भिंती बांधा, हे सगळ्यांना सुचत होतं. विश्वेश्वरय्यांनी हिशेब मांडून दाखवलं की सव्वाचार लाख क्युसेक पाणी शहरातून सुखरूप नेणारं पात्र करायचं तर अर्धं शहरच पाडावं लागेल. तेव्हा पुराशी झुंज शहरात द्यायचीच नाही. ती शहराच्या वर, उघड्या रानात द्यायची. मुसीवर शहरापासून साडेआठ मैलांवर एक आणि ईसीवर साडेसहा मैलांवर एक, अशी दोन धरणं बांधायची. शहरातून सहज जाऊ शकेल तेवढंच पाणी खाली सोडायचं, बाकीचं धरणांत थोपवून ठेवायचं आणि पाऊस थांबल्यावर हळूहळू रिकामं करायचं.

या धरणांची रचना नीट लक्षात घ्यावी, कारण पुढच्या शंभर वर्षांतली गफलत तिच्यातूनच निघते. तळाचा भाग कायम भरलेला ठेवायचा. ते शहराचं पिण्याचं पाणी. त्याच्या वरचा मोठा भाग पावसाळ्यात मुद्दाम रिकामा राखायचा. तो रिकामा भाग हेच खरं पूरनियंत्रण. ज्याने धरण भरण्यासाठीच असतं असं गृहीत धरलंय, त्याला रिकामी जागा वाया गेलेली दिसते. विश्वेश्वरय्यांच्या मते धरणाची खरी कमाई ती रिकामी जागाच होती.

अहवाल १ ऑक्टोबर १९०९ रोजी, म्हणजे पुराला जेमतेम एक वर्ष झाल्यावर, सरकारच्या हाती पडला. त्यात धरणं होतीच. शिवाय शहरातल्या पात्राला दोन्ही बाजूंनी दगडी भिंती, काठाने झाडांचे रुंद रस्ते आणि बागा, दाटीच्या वस्त्या मोकळ्या करणं, भुयारी गटारं आणि मैलापाण्यावर शेती अशा सूचना होत्या. तो सादर करून ते नोव्हेंबरमध्ये म्हैसूरला चीफ इंजिनिअर म्हणून निघून गेले. पुढचं काम इतरांनी केलं, आणि त्यांची नावं सहसा कुणी घेत नाही. त्यांतलं एक नाव आवर्जून घ्यायला हवं: मीर अहमद अली, पुढे नवाब अली नवाज जंग बहादूर. इंग्लंडात कूपर्स हिल इथे शिकलेल्या या हैदराबादी अभियंत्याच्या देखरेखीखाली राज्यातली मोठी धरणं उभी राहिली.

ऑगस्ट १९११मध्ये महबूब अली खान वारले आणि पंचविशीतले मीर उस्मान अली खान गादीवर आले. त्याच सुमाराला शहरात प्लेग पसरला होता. पुराने जे नदीकाठी दाखवलं तेच प्लेगने आतल्या गल्ल्यांत दाखवलं: अरुंद बोळ, उजेड नाही, वारा नाही, मैला वाहून न्यायला वाट नाही. १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झालं. त्याचं उर्दू नाव आराइश-ए-बलदा. नमुना डोळ्यांपुढे होताच. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला होता आणि त्याने प्रिन्सेस स्ट्रीट, सिडनहॅम रोड असे रुंद रस्ते वस्तीच्या पोटातून काढले होते. मुंबईवर एक आक्षेप वारंवार घेतला जाई: चाळी पाडल्या जातात भराभर, आणि पाडलेल्यांना घरं मिळतात उशिराने. हैदराबादच्या मंडळाने रस्त्यांबरोबर घरंही आपल्या कामात धरली, त्यामागे हा धडा असावा.

मंडळाचं काम सुरू होत असतानाच लिओनार्ड मन यांच्या हाताखाली शहराचं तपशीलवार मोजमाप झालं. १९१२ ते १९१५च्या दरम्यान तयार झालेल्या त्या नकाशांवर गल्ल्या, घरं, विहिरी, मशिदी, देवळं, नाले सगळं दिसतं. कोणता बोळ कुठे रुंद करायचा, कोणाची भिंत किती फूट मागे न्यायची, हे या कागदांवर ठरवता आलं. आजही हैदराबादचे इतिहासकार आणि नाल्यांवरच्या अतिक्रमणाचा शोध घेणारे कार्यकर्ते हेच नकाशे उघडून बसतात.

गंडीपेठजवळ मुसीवरच्या धरणाची पायाभरणी मार्च १९१३मध्ये झाली आणि १९२०मध्ये ते पुरं झालं. त्याला उस्मान सागर नाव मिळालं. तोवर शहर मीर आलम तलावाचं आणि हुसेन सागराचं पाणी पीत होतं. आता उस्मान सागराचं पाणी बांधीव कालव्यातून, पंपाशिवाय, केवळ उताराने आसफनगरच्या गाळणी केंद्रापर्यंत आणि तिथून नळांनी शहरात येऊ लागलं. ईसीवरचं दुसरं धरण, हिमायत सागर, १९२७ साली पुरं झालं. पुरापासून ते दुसरं धरण उभं राहीपर्यंत एकोणीस वर्षं लागली. मधे पहिलं महायुद्ध झालं, १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ येऊन गेली, निजाम बदलला, दिवाण बदलले. योजना मात्र टाकून दिली गेली नाही. भुयारी गटारांचं काम मागे पडलं होतं. त्यासाठी १९२२ साली विश्वेश्वरय्यांना पुन्हा बोलावलं गेलं आणि शहराच्या पूर्वेला, नदीच्या खालच्या अंगाला, मैलापाणी नेण्याची व्यवस्था उभी राहिली.

शहरात दिसणारा बदल याहून कितीतरी ठळक होता. चारमिनारकडून नदीवरच्या नया पुलाकडे जाणारा रस्ता दुकानांच्या गर्दीने गजबजून गेलेला असे. मंडळाने तो रुंद केला आणि दोन्ही बाजूंना एका उंचीच्या, एका घडणीच्या दगडी इमारती उभ्या केल्या. खाली कमानींखालून चालायची वाट आणि दुकानं, वर राहायची घरं. हीच पत्थरगट्टी. रस्ता रुंद करताना दुकानदारांना हाकलून न देता त्यांच्यासाठी त्याच जागी नवी दुकानं उभारायची, ही कल्पना आजच्या कित्येक महापालिकांना सुचत नाही. ऊन असो की पाऊस, गिऱ्हाईक कमानींच्या सावलीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकतं. बांधकामासाठी आसपासच्या टेकड्यांचा ग्रॅनाइट हाताशी होता. पुढे मुख्य रस्ते सिमेंट काँक्रीटचे होऊ लागले तेव्हा सिमेंटही राज्यातलंच मिळालं, शहाबादचं. मराठी घरांना शहाबाद ओळखीचं आहे ते फरशीमुळे.

आणि नदीकाठ. पुराना पूल ते चादरघाट या टप्प्यात दोन्ही बाजूंना दगडी भिंती उभ्या राहिल्या. जिथे १९०८ साली माणसं मेली होती त्याच काठांवर शहराच्या सार्वजनिक इमारती आल्या. दक्षिण काठावर व्हिन्सेंट एश यांनी बांधलेलं हायकोर्ट १९२० साली उघडलं आणि त्याच्या शेजारी सिटी हायस्कूल, आजचं सिटी कॉलेज. पडलेल्या दवाखान्याच्या जागी, पलीकडच्या काठावर, १९२५पर्यंत घुमटांचं उस्मानिया रुग्णालय उभं राहिलं. पुढे त्याच बाजूला आसफिया ग्रंथालयही आलं. न्यायालय, शाळा, दवाखाना, ग्रंथालय: राज्याने आपल्या सर्वांत महत्त्वाच्या इमारती नदीकाठी बांधल्या. वरच्या दोन धरणांवर सरकारचा स्वतःचा किती भरवसा होता, ते एवढ्यावरून कळतं.

घरांचं काम एवढं देखणं नव्हतं, म्हणून ते कमी आठवलं जातं. पाडलेल्या वस्त्यांतल्या माणसांसाठी मंडळाने मल्लेपल्लीसारख्या भागांत लहान घरांच्या ओळी बांधल्या. ऐपतीप्रमाणे घरांचे वर्ग होते. गरिबांसाठी एक-दोन खोल्यांची घरं, त्यांना अंगण, नळ, संडास. निजामाचे धाकटे पुत्र मुअज्जम जाह मंडळाचे अध्यक्ष होते. १९३५ साली झालेल्या मंडईला त्यांचंच नाव आहे. पण उठवलेल्या प्रत्येकाला घर मिळालं असं म्हणता येणार नाही. घरांच्या कमी भाड्यालाही महिना ठरलेला पगार लागतो. हातावर पोट असलेला हमाल, नदीच्या वाळूत भाजी पिकवणारा माणूस, धोबी, कुंभार यांचं पोट काठाशी बांधलेलं होतं. त्यांना चार मैलांवर खोली दिली तरी सकाळी उठून यायचं पुन्हा काठावरच.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने नजरेआड करू नये. हा सगळा खर्च कुठून आला? शहराची नगरपालिका १८६९पासून होती, पण ती सरकारी खातं म्हणून. लोकांनी निवडून दिलेले सभासद तिच्यात आले ते १९३४च्या निवडणुकीनंतर. सुधारणा मंडळ सरकारच्या मर्जीने आणि सरकारी तिजोरीवर चाललं. त्या तिजोरीत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांचा शेतसारा जात होता. बीडच्या बालाघाटात उगम पावलेल्या मांजरा नदीचं पाणी निजामसागराने १९३१ साली अडवलं, तेलंगणातल्या निजामाबादच्या शेतीसाठी. मराठवाड्याच्या वाट्याला तसलं मोठं काम तेव्हा आलं नाही. मुसीच्या योजनेचं मला जितकं कौतुक वाटतं तितकीच ही बाजू खटकते. राजधानीतल्या रस्त्यांवर सिमेंट पडत होतं तेव्हा मराठवाड्यातल्या कित्येक गावांना पावसाळ्यात वाट उरत नसे, आणि या दोन खर्चांत तोल कसा साधायचा हे विचारायला त्या राज्यात विधिमंडळ नावापुरतंच होतं.

योजनेची कसोटी मात्र नदीने पाहिली, आणि त्या कसोटीला ती उतरली. १९०८सारखा मुसीचा पूर हैदराबादेत पुन्हा आला नाही. नंतरच्या दशकांत मोठे पाऊस झाले, धरणांचे दरवाजे उघडावे लागले, काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. पण पंधरा हजार माणसं नेणारा लोंढा आला नाही.

तरीही शहर बुडायचं थांबलं नाही, कारण पुराची वाट बदलली. ऑगस्ट २०००मध्ये हैदराबादेत एका दिवसात चोवीस सेंटिमीटर पाऊस पडला आणि हुसेन सागराच्या खालच्या वस्त्या पाण्यात गेल्या. १३ ऑक्टोबर २०२०ला घटकेसरच्या बाजूला बत्तीस सेंटिमीटर पाऊस झाला. या खेपेलाही तलावच फुटले, पण ते मुसीच्या वरच्या खोऱ्यातले नव्हते. शहराने वाढता वाढता पोटात घेतलेले होते. बालापूरच्या गुर्रम चेरुवू या तलावाचा बांध फुटला आणि हाफिज बाबा नगरच्या गल्ल्यांतून पाणी गळ्याएवढं वाहिलं. एकाचं जास्तीचं पाणी दुसऱ्यात सोडणारी साखळी मधेच कापली गेली होती. सांडव्याच्या वाटेवर घरं, नाल्यावर रस्ते, तलावाच्या पोटात भराव. मन यांच्या नकाशात ज्या रेषा पाण्याच्या आहेत, त्यांवर आज पत्ते आहेत.

दोन्ही धरणांच्या पाणलोटाला १९९६ साली कायद्याचं संरक्षण मिळालं. आंध्र सरकारच्या आदेश क्रमांक १११ ने उस्मान सागर आणि हिमायत सागर यांच्या भोवती दहा किलोमीटरांत, ८४ गावांच्या हद्दीत, मोठ्या बांधकामांना मनाई केली. २०००च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेही या संरक्षणाला उचलून धरलं. एप्रिल २०२२मध्ये तेलंगण सरकारने त्या आदेशातले निर्बंध उठवले. कारण देताना सांगितलं गेलं की शहराला आता कृष्णा आणि गोदावरीचं पाणी मिळतं, या तलावांवर तहान भागवायची वेळ उरली नाही. पिण्याच्या पाण्यापुरतं ते खरंही आहे. पण ही धरणं बांधली ती केवळ तहानेसाठी नव्हे. त्यांच्यातली रिकामी जागा हैदराबादच्या पुराना पुलापासून चादरघाटापर्यंतच्या वस्तीसाठी राखलेली होती, आणि वरच्या गावांत काँक्रीट पडलं की पावसाचं पाणी जमिनीत मुरायचं थांबून कमी वेळात, जास्त जोराने त्याच रिकाम्या जागेकडे धावतं. विश्वेश्वरय्यांनी मुसीच्या खोऱ्यातलं पाणी मोजलं ते शेतं, गवताळ माळ आणि तलाव गृहीत धरून. तो हिशेब नव्याने मांडल्याशिवाय वरच्या खोऱ्यात बांधकामाला परवानगी देणं म्हणजे खालच्या माणसांचा जीव पणाला लावणं आहे.

सप्टेंबर २०२४मध्ये मुसी नदीकाठ विकासाच्या प्रकल्पासाठी सरकारी माणसं चादरघाटच्या आसपास, मुसा नगर आणि शंकर नगरच्या गल्ल्यांत फिरली आणि नदीपात्रातल्या घरांवर लाल अक्षरांत खुणा केल्या. काही कुटुंबांना मलकपेठकडे सरकारी दोन शयनखोल्यांची घरं दिली गेली, काही घरं पाडली गेली, काही माणसं कोर्टात गेली. पुराच्या पात्रात कुणी राहू नये, हे विश्वेश्वरय्यांनीही सांगितलंच होतं. पण त्यांच्या योजनेत काठ मोकळा करण्याआधी वरचं पाणी थोपवायचं होतं, आणि उठवलेल्यांच्या घरांचा खर्च पुढे शहर सुधारणा मंडळाच्या हिशेबात धरला गेला. मुसा नगरच्या बायका अधिकाऱ्यांना विचारत होत्या की धुण्या-भांड्यांची कामं आहेत ती इथे, मुलांच्या शाळा इथे, मग तिकडे जाऊन आम्ही काय करायचं. या प्रश्नाला उत्तर द्यायचं काम आजही कोणत्या एका खात्याकडे सोपवलेलं नाही.